सामाईक फोल्डरची बारी

आमच्या घरात कॉम्प्युटरवरून पहिलं भांडण झालं ते एका शब्दामुळे, आणि तो शब्द माझ्या दिराच्या तोंडचा होता. सगळे जेवायला बसलो होतो. भाऊजी मोठ्या उत्साहानं म्हणाले, "आबा, आता या घरात सगळं शेअर करून टाकायचं!" माझ्या सासऱ्यांचा घास हातातच राहिला. ताट पुढे सरकवून ते उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. माझी नणंद पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यामागे गेली आणि परत येऊन म्हणाली, "आबा विचारताहेत, कोणाला किती शेअर?"

शेअर म्हणजे हिस्सा, हिस्सा म्हणजे वाटणी. आबांनी सरळ अर्थ लावला होता की धाकटा पोरगा भर जेवणात वाटणी मागतोय. त्यांची काय चूक? आपल्याकडे 'सगळं शेअर करून टाकू' असं म्हणणारा माणूस वकिलाला भेटूनच आलेला असतो.

गोष्ट होती ती एवढीच. नव्वदचं दशक संपत आलेलं, आम्ही जळगावात पिंप्राळ्याला राहायचो. लग्नाआधी मी टायपिस्ट होते, लग्नानंतर घरातच कॉम्प्युटर घेऊन मराठी टायपिंगची कामं करायला लागले. लग्नपत्रिका, लेटरहेड, कॉलेजच्या प्राध्यापकांचे प्रबंध. पुढे जाऊ आली, तिलाही टायपिंग येत होतं. माझ्यापेक्षा तिचा हात जलद चालायचा, हे मी आज कबूल करते. तेव्हा कोणी गळ्यावर सुरी ठेवली असती तरी केलं नसतं. माझं मशीन पुढच्या खोलीत, तिचं मागच्या खोलीत, आणि मधे स्वयंपाकघर. एकीची फाईल दुसरीला हवी असली की फ्लॉपी घेऊन चालत जायचं. त्या फ्लॉप्यांचे काय काय हाल झाले! एक तेलात पडली, एक कणकेत मळली जाता जाता वाचली, आणि एका प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी चक्क पोळीच्या डब्यात ठेवून ह्यांच्याबरोबर शाळेत पाठवलं. हे शाळेत क्लार्क होते. डबा उघडून त्यांनी मधल्या सुट्टीत सगळ्या स्टाफला फ्लॉपी दाखवली.

भाऊजी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. त्यांनी क्लासमधलं एक जुनं, स्क्रीन नसलेलं मशीन आणलं, त्यात मोठी डिस्क बसवली आणि ते मधल्या खोलीत गव्हाच्या कोठीवर ठेवलं. भिंतींना भोकं पाडून दोन्ही खोल्यांत काळी वायर नेली. आता त्या कोठीवरच्या डिस्कमध्ये एक फोल्डर, आणि तो आम्हा दोघींनाही आपापल्या जागेवर बसून उघडता येणार. शेअर शेअर म्हणत होते ते हेच.

हे सगळं ओट्यावर बसून आबांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे सामाईक विहीर."

"हो आबा, तसंच," भाऊजी म्हणाले.

"मग सामाईक म्हण ना! शेअर काय म्हणतो?" आबा उठले, आत आले आणि राहिलेलं जेवण जेवले.

फोल्डरचं नाव 'सामाईक' पडलं ते तिथंच. पण सामाईक म्हटल्यावर आबा गप्प बसणारे नव्हते. आबांचं सगळं आयुष्य भडगावजवळच्या गावात शेती करण्यात गेलेलं. सामाईक विहीर असली की पाण्याची बारी ठरते, अमक्या दिवशी ह्याची मोटर, तमक्या दिवशी त्याची. बारी ठरलेली नसली की डोकी फुटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कोठीच्या पत्र्यावर खडूनं लिहिलेलं: मोठी सून, सकाळ. धाकटी सून, दोननंतर. आणि मधे, एक ते दोन, आबा.

"आबा, याला बारी लागत नाही हो," भाऊजी कळवळून सांगत होते. "दोघी एकाच वेळी उघडू शकतात!"

"एका वेळी दोन मोटरी?" आबा म्हणाले. "पाह्यल्या मी."

आणि मधल्या तासाचं काय? तर आबांना माझ्या मशीनवर पत्ते खेळायचे होते. एक ते दोन मी स्वयंपाकघरात असायचेच, म्हणून मी म्हटलं खेळू देत. भाऊजींनी त्यांना माऊस धरायला शिकवला, फोल्डर उघडायला शिकवला, आणि हौसेनं हेही सांगितलं की सामाईकमध्ये वाचायची परवानगी वेगळी असते आणि लिहायची वेगळी, पण आपल्या घरात सगळ्यांना दोन्ही आहे. आबांनी मान डोलावली. आम्हाला वाटलं, काय कळलं असणार!

त्याच सुमाराला माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. स्थळ धुळ्याचं, चांगलं होतं. पण एक पंचाईत होती. मुलाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आबांचे सख्खे धाकटे भाऊ राहायचे, आम्ही त्यांना धुळ्याचे नाना म्हणायचो. म्हणायचो म्हणजे आपसात, हळू आवाजात. कारण आबा आणि नाना वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्याच गावच्या सामाईक विहिरीवरून बिनसलं होतं. नाना आपला वाटा विकून धुळ्याला निघून गेले होते, ते परत आले नाहीत. नेमकं काय घडलं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, नाहीतर त्यांनी नक्की सांगितलं असतं.

नणंदेनं एकच मागितलं. पत्रिकेत निमंत्रकांमध्ये नानांचं नाव हवं आणि लग्नाला नाना हवेत. लहानपणी ती नानांच्या खांद्यावरून शेतात जायची. "आई नाही वहिनी," ती मला म्हणाली, "निदान काका तरी असू दे. आणि सासरच्या गल्लीत सगळे विचारतील, सख्खा काका का नाही आला?" बोलता बोलता तिला रडू कोसळलं. मलाही आलं.

ह्यांनी धीर करून आबांकडे विषय काढला. आबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "त्याचं नाव पत्रिकेत आलं तर मी मांडवात बसणार नाही." झालं. पत्रिका मी टाइप केली, सामाईकमध्ये ठेवली, निमंत्रकांत आबा, हे आणि भाऊजी. नाना नाहीत. धुळ्याकडची नावांची यादी यायची होती म्हणून छपाई थांबली होती. ती यादी आली की शनिवारी छापायला द्यायची, असं ठरलं.

आणि मग चमत्कार सुरू झाला.

एका सकाळी पत्रिका उघडली तर निमंत्रकांच्या खाली 'ककककककक'. मला वाटलं मीच कुठे कोपर टेकवलं असेल. खोडून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिथंच 'धधध'. खोडलं. तिसऱ्या दिवशी 'धक'. भाऊजी म्हणाले, "व्हायरस असणार." क्लासमधून फ्लॉपी आणून त्यांनी रविवारचा सबंध दिवस तपासणी केली. व्हायरस काही सापडला नाही. जाऊबाईंनी गुपचूप भरवलेला मोटारीच्या शर्यतीचा एक गेम मात्र सापडला, त्यावर मी दोन दिवस तोंडसुख घेतलं.

मग आलं 'धकल'.

हे वाचलं आणि माझं टाळकंच सरकलं. कारण आठच दिवसांपूर्वी जाऊ कोणाला तरी फोनवर म्हणताना मी ऐकलं होतं, "ताई अवघड कामं माझ्यावर ढकलतात." आता हे काय? ढकल! घाईत ढ चा ध झाला असणार, दुसरं काय! माझ्या नणंदेच्या लग्नपत्रिकेत मला टोमणा? तशीच उठून मागच्या खोलीत गेले.

"बोलायचं असेल तर तोंडावर बोल," मी म्हटलं. "पत्रिकेत कशाला लिहितेस?"

"मी काय लिहिलं?" ती म्हणाली. "उलट तुम्हीच फाईल धरून बसता. काल एक वाजता उघडायला गेले तर येतंय, फाईल दुसरं कोणीतरी वापरतंय."

"एक वाजता? एक वाजता मी भाकरी थापत होते!"

"मग काय भाकरी वापरत होती फाईल?"

हे मात्र अति झालं. मी भाऊजींना बोलावलं आणि सांगितलं, हिच्या मशीनला सामाईकमध्ये फक्त वाचायची परवानगी ठेवा, लिहायची काढून घ्या. भाऊजी बिचारे दोघींच्या मधे उभे. "वहिनी, असं बरं दिसतं का..." वगैरे पुटपुटले, पण माझा अवतार बघून त्यांनी केलं. आता तिला फाईल दिसणार, पण हात लावता येणार नाही. संध्याकाळी जावेनं माळ्यावरचा स्टोव्ह काढला, पुसला आणि मागच्या खोलीत आपला वेगळा चहा केला.

तो स्टोव्ह मी विसरणार नाही. सूं सूं आवाज सगळ्या घरात ऐकू येत होता. आबा ओट्यावरून आत आले, मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले, स्टोव्हकडे बघितलं आणि परत फिरले. आज चहा वेगळा झाला, उद्या चूल वेगळी होणार, हे काय मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण मी म्हटलं, होऊ दे. एवढी मी हट्टी होते. पोरीचं लग्न तोंडावर, आणि मी घर मोडायला निघाले होते एका 'धकल'वरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रिका उघडली. निमंत्रकांच्या खाली 'धाकल धळ'.

पहिला विचार काय आला सांगू? धळ म्हणजे, माझा तोल ढळला म्हणतेय की काय! दुसरा विचार मात्र बरा आला. जावेच्या मशीनला तर लिहिताच येत नव्हतं. म्हणजे हे तिनं केलेलं नाही. म्हणजे मी... तिला काय तोंड दाखवू? अक्षरं खोडली आणि गुमान चहा करायला गेले. दोन कप केले. एक तिच्या दारात ठेवून आले. तिनं घेतला नाही.

पण डोकं तिचंही चालत होतं. फाईल दुसरं कोणी वापरतंय असं तिला आलं होतं ते एक वाजता. बरोबर पाऊणला मी भाकरीचा तवा खाली उतरवला, हात पुसले आणि पुढच्या खोलीच्या पडद्याआड जाऊन उभी राहिले. बघते तर जाऊ आधीच तिथं. दोघींनी एकमेकींकडे बघून तोंडं फिरवली, पण जागचं कोणी हललं नाही. पडदा एकच, आणि तोही अरुंद.

एक वाजता आबा आले. चष्मा पुसला, खुर्ची ओढली. खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. कीबोर्डवरच्या कोणत्या बटणाला कोणतं मराठी अक्षर, हे भाऊजी क्लासमधल्या मुलांना देतात तो तक्ता. आबांनी पत्ते उघडलेच नाहीत. सामाईक उघडलं. पत्रिका उघडली. निमंत्रकांपर्यंत आले, थांबले. तिथं काहीच नव्हतं. आबांनी एक लांब श्वास सोडला आणि एका बोटानं सुरुवात केली. पुटपुटत होते, "ध... ध कोठे शे... हां." एक अक्षर, मग तक्ता, मग एक अक्षर. माझ्या टायपिंगच्या परीक्षेत मी चाळीस शब्द काढायचे, तेवढ्या वेळात आबा एक काना शोधत होते. दोन कान्यांचा शब्द. धाकला. मग स्वल्पविराम, मग धळ. 'धळ'पाशी अडले. उकार सापडेना.

गावाकडे धाकट्याला धाकला म्हणतात. नानांना घरात कोणी तसं म्हणत नव्हतं. म्हणणारा जगात एकच माणूस होता आणि तो आमच्यासमोर बसून धुळ्याचा उकार शोधत होता.

जाऊ पडदा सारून सरळ पुढे गेली आणि म्हणाली, "आबा, उकार इथं. आणि एकार त्याच्या बाजूला."

आबा दचकले. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. आणि मग रागानं म्हणाले, "मनाई मी तोंडानं केली होती. लिहायला कोणी मनाई केली नव्हती. सामाईकमध्ये बठ्ठासले लिवता येस, पोरानंच सांगितलं ना!" आबा आमच्याशी एरवी शहरी बोलायचे, पण राग आला किंवा गहिवरून आलं की असे गावच्या बोलीवर घसरायचे; बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना. त्या वेळी दोन्ही होतं.

"अहो आबा, मग आम्हाला नुसतं सांगायचं," मी म्हटलं.

"काय सांगणार? रोज मी लिहायचो आणि रोज सकाळी कोणीतरी खोडून टाकायचं. मी समजलो, आता घरात कोणालाच तो नको आहे." ते स्क्रीनकडेच बघत होते. "तरी म्हटलं, उद्या परत लिहून बघू."

आठ-दहा दिवस रोज सकाळी उठून, चहा घेता घेता, मी त्यांच्या भावाला खोडत होते. आणि वर जावेशी भांडत होते.

मग त्यांनी विहिरीचं सांगितलं. त्या दिवशी लाईट दोनच तास आली होती. बारी नानांची होती. आबांनी मोटर बंद केली नाही. नाना बांधावर येऊन उभे राहिले, दोनदा म्हणाले, दादा, मन्ही बारी शे. आबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. "माझी केळी हिरवी राहिली, त्याची वाळून गेली," आबा म्हणाले. "वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की तोच भांडखोर."

जावेनं पदरानं डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, भाकरी करपली." खरंच वास येत होता. तवा मी उतरवला होता, पण भाकरी तशीच निखाऱ्यावर राहिली होती. त्या दिवशी सगळ्यांनी करपलेली भाकरी खाल्ली. स्टोव्ह माळ्यावर गेला. जावेची लिहायची परवानगी मी भाऊजींना सांगून परत द्यायला लावली, आणि माझी चूक झाली असंही म्हटलं. एवढ्या हळू म्हटलं की तिनं दोनदा "काय?" विचारलं. मुद्दाम विचारलं, मला माहीत आहे.

पत्रिका छापायला जायची होती तेव्हा मी म्हटलं, "आबा, आता नानांचं पूर्ण नाव घालते, आडनावासकट. धाकला कसं छापायचं?"

"राहू दे तेच," आबा म्हणाले. "नावानं तो येणार नाही."

प्रेसवाल्यानं ट्रेसिंग पेपरवरची प्रत बघून दोनदा विचारलं, ताई, इथं काहीतरी राहिलंय का? मी सांगितलं, काही राहिलं नाही, आहे तसं छापा. पाचशे पत्रिकांवर 'धाकला, धुळे' असं छापलं गेलं. हे स्वतः एसटीनं धुळ्याला जाऊन नानांना पत्रिका देऊन आले. नानांनी पत्रिका उघडली, वाचली, घडी घालून खिशात ठेवली. चहा पाजला, गावाकडचं पाऊसपाणी विचारलं. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. नणंद रोज विचारायची, "वहिनी, काही निरोप?" रोज मी नाही म्हणायचे. आबा विचारायचे नाहीत, पण फाटक वाजलं की मान वर करायचे.

लग्नाला चार दिवस राहिले होते. दुपारची वेळ, घरात पाहुणे, पापड-कुरडयांचे डबे, आणि त्या गोंधळात आबा आपल्या बारीला माझ्या मशीनवर बसलेले. आता खरोखरच पत्ते खेळत होते. फाटक वाजलं. दारात एक उंच म्हातारा, डोक्यावर टोपी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आमची पत्रिका. चेहरा थेट आबांचा. नणंदेच्या तोंडून नुसतं "नाना!" एवढंच निघालं.

नानांनी पत्रिका उघडून आबांच्या नाकासमोर धरली. "धाकला कोनले म्हनस रे? मन्हा नातू कॉलेजले जास!"

आबा खुर्चीतून उठले. वीस वर्षांत काय काय ठरवून ठेवलं असेल बोलायचं म्हणून, त्यातलं काही बाहेर येईना. शेवटी त्यांनी खुर्ची भावाकडे सरकवली.

"बस," ते म्हणाले. "तुन्ही बारी शे."